‘डार्क’ हा इंग्रजी शब्द नेमका कसा वापरावा: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांनी

लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर ‘यातच जरा डार्क दाखवा’ हे वाक्य एकदा तरी कानावर पडते. ते म्हणणाऱ्या आजींना आपण इंग्रजी शब्द वापरला असे वाटतही नाही, इतका तो मराठीत रुळलेला आहे. माझ्या विद्यार्थ्यांची अडचण या ओळखीपासूनच सुरू होते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली ही मुले ‘डार्क म्हणजे गडद’ किंवा ‘डार्क म्हणजे अंधार’ असा एकास एक हिशेब मनात घेऊन येतात. मग उताऱ्यात ‘वुई आर इन द डार्क अबाउट द न्यू रूल्स’ असे वाक्य आले की गोंधळतात, आणि ‘अंधार पडला’ याचे इंग्रजी करताना ‘डार्क फेल’ लिहून मोकळी होतात. त्यांना शिकवताना जो क्रम मला उपयोगी पडला, तोच येथे देत आहे.

पहिली पायरी: आधी विरुद्ध शब्द विचारा

‘डार्क’ या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द शोधणे सोडून द्यावे आणि समोरच्या वाक्यात त्याच्या विरुद्ध कोणता शब्द बसेल, हे स्वतःला विचारावे. खोली ‘डार्क’ असेल, तर विरुद्ध शब्द ‘ब्राइट’ किंवा ‘लाइट’ येतो, म्हणजे येथे उजेडाविषयी बोलणे चालले आहे. निळा रंग ‘डार्क’ असेल, तर विरुद्ध ‘लाइट ब्लू’, म्हणजे फिकट निळा. केस ‘डार्क’ असतील, तर विरुद्ध शब्द ‘फेअर’, आणि चॉकलेट ‘डार्क’ असेल, तर विरुद्ध शब्द चक्क ‘मिल्क’. पंचांगातल्या कृष्णपक्षाला इंग्रजीत ‘डार्क फोर्टनाइट’ म्हणतात आणि शुक्लपक्षाला ‘ब्राइट फोर्टनाइट’. एवढी पाच-सहा उदाहरणे वहीच्या एका पानावर दोन रकान्यांत लिहिली, की हा एक शब्द नसून एकाच नावाची बरीच भावंडे आहेत, हे आपोआप लक्षात येते.

या पद्धतीचा दुसरा फायदा असा, की जेथे ‘डार्क’ चालत नाही तेथेही ती सावध करते. अमृततुल्यात आपण ‘कडक चहा’ मागतो आणि तो रंगाने गडद असतोही, पण कडकच्या विरुद्ध आपल्या मनात ‘पाणचट’ असते, ‘फिकट’ नसते. म्हणून इंग्रजीत तो ‘स्ट्राँग टी’ होतो, ‘डार्क टी’ होत नाही. कॉफीच्या बियांचे मात्र ‘डार्क रोस्ट’ असते, कारण तेथे बी किती काळपट होईपर्यंत भाजले याच्याशी संबंध आहे. तीच कॉफी कपात आली की पुन्हा ‘स्ट्राँग’ किंवा ‘वीक’ हे शब्द लागतात.

दुसरी पायरी: वाक्यातली जागा पक्की करा

परीक्षेतले बहुतेक गुण येथे जातात, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

मराठीत अंधार हे नाम आहे आणि तो स्वतः क्रिया करतो: अंधार होतो, अंधार पडतो, अंधार दाटतो. इंग्रजीत याच ठिकाणी ‘डार्क’ हे बहुधा विशेषण असते आणि त्याला कर्ता म्हणून ‘इट’ हा अर्थ नसलेला शब्द पुढे करावा लागतो. ‘अंधार झाला’ म्हणजे ‘इट गॉट डार्क’ किंवा ‘इट बिकेम डार्क’. ‘अंधार होत आला’ म्हणजे ‘इट इज गेटिंग डार्क’. हे ‘इट’ कशाबद्दल, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ते कशाबद्दलच नाही. ‘पाऊस पडतोय’ याला ‘इट इज रेनिंग’ म्हणताना जे ‘इट’ येते, तेच हे. वळवाच्या आधी दुपारी चारलाच आभाळ भरून येते तेव्हा आपण ‘अंधारून आले’ म्हणतो, आणि त्या मराठी वाक्यातही कर्ता कोठे दिसत नाही. ‘इट’ची सवय लावून घेताना हे वाक्य आठवावे.

‘अंधार पडला’ असे नाम घेऊनच म्हणायचे असेल, तर ‘डार्क’ पुरत नाही, ‘डार्कनेस’ लागतो: ‘डार्कनेस फेल’. याहून साधे म्हणजे ‘नाइट फेल’. वीज गेल्याने सगळी पेठ अंधारात बुडाली, तर बातमीत ‘प्लंज्ड इनटू डार्कनेस’ येते. चोर अंधाराचा फायदा घेऊन पळाले, तर ‘अंडर कव्हर ऑफ डार्कनेस’. ‘डार्कनेस’ हा शब्द थोडा भारदस्त आणि लेखी वळणाचा आहे. रोजच्या बोलण्यात नाम म्हणून ‘डार्क’ येतो तो काही ठरलेल्या जोड्यांत, आणि त्या जोड्या जशाच्या तशा पाठ कराव्यात. ‘आफ्टर डार्क’ आणि ‘बिफोर डार्क’ यांत ‘द’ येत नाही, ‘इन द डार्क’ आणि ‘अफ्रेड ऑफ द डार्क’ यांत ‘द’ आलाच पाहिजे. ‘इन डार्क’ असे लिहिणारा विद्यार्थी दर तुकडीत निम्म्याहून अधिक वेळा भेटतो. मराठीत उपपदे नसल्यामुळे हे घडते आणि त्याला पाठांतराखेरीज उपाय मला तरी सापडलेला नाही.

क्रियापद ‘डार्कन’ असे होते: ‘द स्काय डार्कन्ड’, म्हणजे आभाळ काळवंडले. ‘डार्कली’ या क्रियाविशेषणाचा अर्थ ‘अंधारात’ असा नाही. ‘ही हिंटेड डार्कली’ म्हणजे त्याने काहीतरी अशुभ किंवा धमकीवजा सुचवले. अंधाराच्या मात्राही आपल्यासारख्याच तिकडेही आहेत. जुन्या वाड्याच्या जिन्यात असतो तो अंधुक उजेड ‘डिम’, पावसाळी दुपारची उदास काळोखी ‘ग्लूमी’, आणि मिट्ट काळोख म्हणजे ‘पिच डार्क’. यातल्या ‘पिच’चा क्रिकेटच्या खेळपट्टीशी संबंध नाही, हे पिच म्हणजे डांबरासारखा काळा चिकट पदार्थ.

एक बारकावा आघाताचा. ‘डार्क रूम’ असे दोन शब्द म्हणताना जोर ‘रूम’वर येतो आणि अर्थ होतो अंधारी खोली. ‘डार्करूम’ असा एकच शब्द म्हणताना जोर ‘डार्क’वर येतो आणि अर्थ होतो फिल्म धुण्याची खोली, जिच्यात कृष्णधवल छपाईच्या वेळी लाल दिवा चालू असतो आणि तरीही तिचे नाव बदलत नाही. ‘डार्क’चा उच्चार करताना ब्रिटिश वळणात ‘र’ ऐकू येत नाही आणि ‘आ’ लांबतो; आपण ‘र’ उच्चारला तरी बिघडत नाही, अमेरिकेतही तो उच्चारतातच.

तिसरी पायरी: रंग, केस आणि कातडी

रंगांच्या बाबतीत फारसे अडत नाही, कारण साडीच्या दुकानाने आपल्याला तयार केलेले आहे. ‘डार्क ग्रीन’, ‘डार्क ब्राउन’ असे रंगाच्या आधी लावले की काम होते. नामाच्या आधी आले तर मध्ये जोडरेघ द्यावी: डार्क-ब्लू शर्ट.

माणसांच्या वर्णनात मात्र थांबून विचार करावा. इंग्लंडमधल्या जुन्या कादंबरीत एखादा पुरुष ‘डार्क’ आहे असे म्हटले, तर पुष्कळदा त्याचे केस व डोळे काळे आहेत एवढेच लेखकाला सांगायचे असते. ‘शी इज डार्क, हर सिस्टर इज फेअर’ यात एक काळ्या केसांची आणि दुसरी पिंगट केसांची, असा अर्थ असू शकतो. भारतातल्या इंग्रजीत हेच वाक्य थेट रंगावर जाते आणि त्यामागे वधूवरांच्या जाहिरातींचा सगळा इतिहास उभा राहतो. आपल्या ‘सावळा’ या शब्दात पंढरपूरच्या विठ्ठलामुळे जी माया आली आहे, ती ‘डार्क’मध्ये नाही, आणि जाहिरातींत त्याच्या जागी वापरतात त्या ‘डस्की’मध्येही नाही. केसांविषयी बोलायचे असल्यास ‘डार्क-हेअर्ड’ असे स्पष्ट म्हणावे. कोणाच्या कातडीचे वर्णन करण्याचे काही कारण नसेल, तर ते करूच नये.

चौथी पायरी: ‘काळा’ दिसला की ‘ब्लॅक’ की ‘डार्क’, हे ठरवा

मराठीतला ‘काळा’ इंग्रजीत जाताना दोन वाटांनी जातो. काळा पैसा, काळाबाजार आणि काळी यादी या तिन्ही ठिकाणी ‘ब्लॅक’ लागतो. ‘डार्क मनी’ असाही शब्द आहे, पण तो अमेरिकेतल्या राजकारणात देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून खर्च होणाऱ्या पैशासाठी वापरतात, कर चुकवलेल्या पैशासाठी नाही. दख्खनची काळी माती ‘ब्लॅक सॉइल’ होते. उलट काळे ढग ‘डार्क क्लाउड्स’ होतात आणि जागरणाने डोळ्यांखाली येणारी काळी वर्तुळे ‘डार्क सर्कल्स’. एखादी वस्तू किंवा बाब काळी म्हणून पक्की ओळखली गेली असेल तर ‘ब्लॅक’, आणि भोवतालापेक्षा अधिक काळपट दिसते एवढेच सांगायचे असेल तर ‘डार्क’, असा ढोबळ निवाडा करता येतो. तो दहापैकी सात-आठ वेळा चालतो. उरलेल्या वेळी कोश उघडावा.

कोशाविषयी थोडे विषयांतर करतो. पुण्यात दीर्घकाळ शिक्षणखात्याचे काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांचा मोल्सवर्थ यांच्या साथीने सिद्ध झालेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला, आणि जुने मराठी प्रतिशब्द पाहण्यासाठी तो आजही आनंद देतो. पण नवशिक्याला आज हवी असते ती कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो याची माहिती, आणि ती शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात उदाहरणवाक्यांसह मिळते. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत तो स्वस्तात मिळाला, तर दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती घ्यायलाही हरकत नाही.

‘ब्लॅक’ आणि ‘डार्क’ यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो खगोलशास्त्रात. ‘ब्लॅक होल’ म्हणजे कृष्णविवर आणि ‘डार्क मॅटर’ म्हणजे कृष्णद्रव्य. मराठीत दोन्हीकडे ‘कृष्ण’ आल्यामुळे दोन्ही काळ्या वस्तू आहेत असा समज होतो. कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडू शकत नाही, म्हणून ते काळे. ‘डार्क मॅटर’ हे प्रकाश देत नाही, शोषत नाही आणि अडवतही नाही. ते खरे तर पारदर्शक आहे आणि त्याचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणामुळे जाणवते. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा या दीर्घिकासमूहाचा (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) अभ्यास करताना, दीर्घिका इतक्या वेगाने फिरूनही समूह विखुरत कसा नाही, या प्रश्नाच्या उत्तरात न दिसणाऱ्या द्रव्याची कल्पना मांडली. त्यांनी जर्मनमध्ये वापरलेल्या शब्दांचे ‘डार्क मॅटर’ हे भाषांतर आहे. पुढे १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत आहे असे आढळले आणि त्यामागच्या कारणाला ‘डार्क एनर्जी’ हे नाव पडले. त्यातला ‘डार्क’ तर उजेडाशी संबंधितच नाही. ‘जिचे स्वरूप आपल्याला कळलेले नाही ती ऊर्जा’ एवढाच त्याचा अर्थ. सध्याच्या अंदाजानुसार विश्वात सुमारे ६८ टक्के ‘डार्क एनर्जी’, २७ टक्के ‘डार्क मॅटर’ आणि जेमतेम ५ टक्के आपल्या ओळखीचे द्रव्य आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात उभ्या राहिलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील एखाद्या व्याख्यानाला गेलात, तर हे दोन शब्द कानावर पडतीलच. तेव्हा ‘काळा’ हे भाषांतर मनातून काढून टाकून ऐकावे.

पाचवी पायरी: जेथे उजेडाऐवजी माहिती नसते

‘डार्क’चा हा अर्थ मराठी माणसाला सोपा जायला हवा, कारण ‘मला अंधारात ठेवले’ असे आपणही म्हणतो. ‘दे केप्ट मी इन द डार्क’ हे त्याचे शब्दशः भाषांतर आणि ते पूर्णपणे बरोबर आहे. असे योग क्वचित येतात. अंधारात चाचपडणे म्हणजे ‘ग्रोप इन द डार्क’ हेही जुळते. पण ‘अ शॉट इन द डार्क’ म्हणजे हाती काही आधार नसताना केलेला अंदाज, आणि ‘अ लीप इन द डार्क’ म्हणजे परिणाम ठाऊक नसताना केलेले धाडस, ज्याला आपण अंधारात उडी म्हणतो. वस्तुनिष्ठ प्रश्नाचे उत्तर येत नसताना एखादा पर्याय ठोकून देणे हा ‘शॉट’. नोकरी सोडून परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला येणे ही ‘लीप’.

‘डार्क हॉर्स’चे मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बेंजामिन डिझरायली यांच्या १८३१ सालच्या एका कादंबरीत, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते असा घोडा शर्यत जिंकून जातो, त्याला हे विशेषण लावलेले आढळते. घोड्याचा रंग येथे गौण आहे. त्याच्या कुवतीची माहिती कोणाला नाही, हे महत्त्वाचे. तेथून हा शब्द राजकारणात गेला, आणि १८४४ मध्ये अमेरिकेत अनपेक्षितपणे उमेदवारी मिळवून अध्यक्ष झालेले जेम्स पोक हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यती लागतात तेव्हा हा शब्द मूळ अर्थानेही ऐकू येतो. मराठीत ‘छुपा रुस्तम’ म्हटले की अर्थ नेमका पोचतो. ‘काळा घोडा’ म्हणू नये, तो मुंबईत आहे.

याच अर्थाची नवी पिलावळ सध्या आपल्या रोजच्या व्यवहारात आली आहे. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘डार्क स्टोअर’मध्ये नोकरी मिळाल्याचे घरी कळवले आणि त्याच्या वडिलांनी तातडीने फोन करून, हे दुकान कायदेशीर आहे ना, अशी चौकशी केली. फोनवरून किराणा मागवला की दहा-पंधरा मिनिटांत जो माल दारात येतो, तो ज्या गाळ्यातून निघतो त्याला हे नाव आहे. त्याचे दार गिऱ्हाइकांसाठी उघडे नसते, म्हणून ते ‘डार्क’. आत दिवे लख्ख असतात. हिंजवडीत नेटवर्कचे काम करणारे ‘डार्क फायबर’ म्हणतात ती टाकून ठेवलेली पण अजून वापरात न आणलेली तार. तिच्यातून प्रकाशाचे संदेश जात नाहीत, म्हणून ती ‘डार्क’, आणि येथे अर्थ पुन्हा अक्षरशः उजेडाकडे वळतो. एखाद्याने फोन, संदेश, सगळेच बंद केले तर तो ‘वेंट डार्क’. नाट्यगृहात ज्या दिवशी प्रयोग नसतो, त्या दिवशी ते नाट्यगृह ‘डार्क’ आहे असे इंग्रजी रंगभूमीवर म्हणतात. आपल्या संहितेत ‘रंगमंचावर अंधार’ अशी सूचना असते, तिचे इंग्रजी मात्र ‘ब्लॅकआउट’. बालगंधर्व रंगमंदिरातला प्रकाशयोजनाकार ‘डार्क कर’ म्हणत असेल, तर ते त्याचे मराठी समजावे.

‘डार्क वेब’ म्हणजे नेहमीच्या शोधयंत्रांना न सापडणारा आणि विशेष साधनांशिवाय न उघडणारा इंटरनेटचा भाग. त्यात लपणे आणि गैरकृत्य या दोन्ही छटा मिसळतात. ‘डार्क पॅटर्न’मध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला नकळत नको त्या निवडीकडे ढकलणाऱ्या ॲप-संकेतस्थळांच्या रचनेत, फसवणूक ठळक आहे. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये रूढ केलेला हा शब्द आता भारतीय नियमांतही आला आहे: ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादी देऊन त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत देणगी घालणे किंवा ‘शेवटची एकच जागा शिल्लक’ अशी खोटी घाई करणे हे त्यांतले दोन प्रकार. चालू घडामोडींच्या अभ्यासात हा शब्द येतो, म्हणून तो शब्दसंग्रहाच्या वहीत वेगळा लिहून ठेवावा. तुमच्या फोनवरचा ‘डार्क मोड’ मात्र अगदी निरुपद्रवी आहे. काळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे, इतकेच.

सहावी पायरी: दुःख, दुष्टपणा, अज्ञान

हा भाग झटपट होतो. ‘डार्क डेज’ म्हणजे वाईट दिवस, ‘डार्क थॉट्स’ म्हणजे निराशेचे विचार, ‘डार्क ह्यूमर’ म्हणजे मृत्यू किंवा संकट यांवरचा विनोद, आणि त्याला ‘ब्लॅक ह्यूमर’ही म्हणतात. ‘डार्क एजेस’ म्हणजे युरोपातले तमोयुग. चौदाव्या शतकात इटालियन कवी पेट्रार्कने आपल्या आधीच्या काळाला अंधाराची उपमा दिली तेथून ही कल्पना आली, पण हल्लीचे इतिहासकार हा शब्द टाळतात आणि ‘अर्ली मिडल एजेस’ म्हणतात. उत्तरपत्रिकेतही तेच लिहावे.

सगळा ‘डार्क’ वाईटच असतो असे मात्र समजू नये. १९४४ पासून पुण्यात काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांतल्या आकाशप्रेमींना विचारा. त्यांच्या तोंडी ‘डार्क स्काय’ ही स्तुती असते, कारण शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्याखेरीज आकाशगंगा दिसत नाही. आपल्या राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ असा दर्जा मिळाला, आणि ती भारतातली अशी पहिलीच जागा.

सातवी पायरी: सराव

शेवटी काही वाक्ये देतो. आधी वहीत स्वतः इंग्रजी करावे आणि मगच खालचा भाग वाचावा. अंधार पडायच्या आत सिंहगड उतरा. बदलीबद्दल साहेबांनी आम्हाला अंधारात ठेवले. उन्हात उभे राहून तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मला अंधाराची भीती वाटते. दिव्याखाली अंधार.

पहिल्याचे ‘कम डाउन फ्रॉम सिंहगड बिफोर डार्क’, आणि येथे ‘बिफोर द डार्क’ लिहिले असेल तर दुसऱ्या पायरीकडे परत जावे. दुसऱ्याचे ‘द बॉस केप्ट अस इन द डार्क अबाउट द ट्रान्सफर’. तिसऱ्यात ‘डार्क’ घालण्याचा मोह होतो, पण इंग्रजीत नेहमी ‘एव्हरीथिंग वेंट ब्लॅक’ म्हणतात, आणि ती खरोखर बेशुद्ध पडली असेल तर ‘शी ब्लॅक्ड आउट’. चौथ्याचे ‘आय ॲम अफ्रेड ऑफ द डार्क’. पाचव्याला इंग्रजीत रूढ जोडीदार नाही. ‘डार्कनेस अंडर द लॅम्प’ असे लिहिले, तर परीक्षक शब्द तपासून पुढे जाईल आणि अर्थ त्याच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तेथे म्हण सोडून द्यावी आणि जो दोष ज्याच्या घरात सापडला तो सरळ वाक्यात लिहावा.